साखराबाईची तोंडी संमती

विद्यापीठाच्या नेटवर्कवर विद्यार्थ्यांनी पॉडकास्ट करायचा तर त्याला एकोणीस नियम होते. भाग वीस मिनिटांच्या वर जायचा नाही. मागे भोंगा, लाऊडस्पीकर, कुकरची शिट्टी चालणार नाही. राजकारण नको, धर्म नको, जाहिरात नको, कुणाला खाजगी निरोप तर मुळीच नको. विद्यापीठाच्या लॉगिनशिवाय भाग कुणाला ऐकता येणार नाही, उतरवून घेता येणार नाही, बाहेर पाठवता येणार नाही. एवढं सगळं पाळून जे उरेल ते विद्यार्थ्यानं खुशाल मनासारखं बोलावं, असं परिपत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं. या प्रकाराला 'विद्यार्थ्यांचा मुक्त आवाज' हे नाव ज्या कुणी दिलं, त्याच्या धीराची कमाल म्हणायची.

नाजियाला हे नियम तोंडपाठ होते. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तालुक्याच्या कॉलेजातर्फे पॉडकास्ट तीच करायची, कारण दुसरं कुणी त्या भानगडीत पडायला तयार नव्हतं. तिचे वडील शफी धर्मापुरीच्या फाट्यावर मोटारसायकली दुरुस्त करायचे. गॅरेजच्या मागच्या खोलीत जुन्या टायरांच्या चळती होत्या. तिथं आवाज घुमत नाही हे नाजियानंच शोधून काढलं होतं, आणि त्या रबराच्या वासात बसून तिनं आतापर्यंत चार भाग केले होते. प्रत्येक विद्यार्थ्यानं महिन्याला दोन भाग ऐकलेच पाहिजेत, त्याचे गुण मिळतात, अशी विद्यापीठाची सोय होती. त्यामुळे ऐकणारे पुष्कळ असत. त्यातले अर्धे भाग चालू करून फोन उशीखाली ठेवत, ही गोष्ट वेगळी.

नियमांमधला सहावा नियम बाहेरच्या पाहुण्यांचा. कॉलेजात नसलेलं कुणी बोलणार असेल तर त्याची फॉर्मवर सही हवी. सही येत नसेल तर अंगठा चालत नाही. मग तोंडी संमती. पाहुण्यानं सुरुवातीलाच, स्वतःच्या आवाजात, आपलं नाव, बाई असेल तर नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव सांगायचं आणि 'मी माझ्या खुशीनं बोलते' असं म्हणायचं. मागच्या वर्षी कुण्या पोरानं मशीनवर एका प्राचार्यांचा हुबेहूब आवाज तयार करून परीक्षा पुढं ढकलल्याचं जाहीर केलं होतं. बैल गेला नि झोपा केला, तसा त्यानंतर चौदावा नियम आला. बनावट किंवा दुसऱ्याचा आवाज सापडला तर भाग कायमचा काढायचा, विद्यार्थ्याचं खातं पदवी मिळेपर्यंत बंद, आणि त्या पाहुण्याचा भाग पुन्हा कुणाकडूनच घ्यायचा नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी साखराबाई शेंडगे गॅरेजच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. साखराबाई आणि तिचा नवरा बंकट शेळ्यामेंढ्या राखायचे. त्यांचा वाडा, म्हणजे काट्यांचं कुंपण घातलेली जनावरांची जागा, गावाच्या जुन्या देवळामागं होता. नाजियाच्या आईशी, हजराबीशी, तिचा वीस वर्षांचा घरोबा. एरवी ती पुढच्या दारानं हाका मारत यायची. आज मागून आली तेव्हाच नाजियानं ओळखलं की हिला काहीतरी मागायचंय.

"नाजे, तुझं ते बोलणं समद्या कालेजात जातं म्हणं."

"जातं की, मावशी."

"मोठ्या इद्यापीठातबी?"

"तिथूनच तर चालतं."

साखराबाई टायरावर टेकली. "मंग माझं बोलणं घाल त्यात. अंगद ऐकंल."

अंगद तिचा मुलगा. त्याची गोष्ट धर्मापुरीत शेंबड्या पोरालाही माहीत होती. दोन वर्षांपूर्वी पोलीस भरतीच्या तात्पुरत्या यादीत त्याचं नाव आलं. तात्पुरती म्हणजे तात्पुरती, पण उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, तशी गावानं फाट्यावर पाटी लावली. दुसऱ्याच कुणाच्या वर्दीवर अंगदचं मुंडकं चिकटवलेली भलीमोठी पाटी. बंकटला फेटा बांधून खुर्चीत बसवलं, पेढे वाटले, भाषणं झाली. पुढं अंतिम यादी लागली आणि अंगद दीड मार्कानं बाहेर पडला. पाटी लावायला वीस जण होते, काढायला कुणी येईना. अकरा दिवस ती तशीच होती. शेवटी बंकटनं कुऱ्हाडीनं दोर तोडून ती खाली पाडली आणि घरी येऊन पोराला म्हणाला, "वर्दी घालून ये, न्हाईतर तोंड दावू नको."

बाप रागानं बोलला. राग दोन दिवसांत उतरलाही असता. पण तेवढ्यात गावातल्या टवाळांनी फोनवर एक आवाज फिरवला. मशीननं बनवलेला साखराबाईचा आवाज, शेळ्यांना हाक मारावी तसा, "ये फौजदारा, ये, ये, ये." तीन गावं हसली. अंगदनं तो ऐकला आणि पहाटेच्या एसटीनं निघून गेला. फोनचा नंबर बदलला. जे करायचं ते सगळं त्या एका सकाळी केलं त्यानं.

त्याचा पत्ता लागला तो नाजियाच्या भावामुळं. कलीम पिकअपमधून फळं घेऊन विद्यापीठाच्या शहरात जायचा. दिवाळीत त्याला विद्यापीठाच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर अंगद दिसला. तिथंच एम.ए. करत होता, दिवसभर वाचनालयात बसायचा. गावात सांगायचं नाही अशी त्यानं कलीमला शपथ घातली. कलीमनं ती घरी येऊन जेवायला बसेपर्यंत पाळली. दुसऱ्याच दिवशी बंकट एसटीत बसला. दोन दिवस गेटवर ताटकळला, ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत म्हणून परत आला. कलीमलाही अंगद पुन्हा टपरीवर दिसला नाही. तेव्हापासून बंकट बोलायचाच कमी झाला.

"मावशी, निरोप चालत न्हाई त्यात," नाजिया म्हणाली. "तसा नियमच हाय."

"निरोप कुठं म्हणते मी? शेरडाचं सांगते. शेरडं कशी राखावी, ते. निरोप त्यातच आला."

विद्यापीठाच्या समितीला सहा महिने बसून जे नियम करता आले, त्यातून वाट काढायला या बाईला सहा क्षण पुरले होते. नाजियानं 'पारंपरिक शेळीपालन: एक मुलाखत' असा विषय लिहून दीपमाला मॅडमकडं दिला. मॅडम मराठी शिकवायच्या आणि पॉडकास्टचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी विषय वाचला, नाजियाकडं पाहिलं, पुन्हा विषय वाचला आणि काही न विचारता मंजूर केला.

शुक्रवारी साखराबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. नाजियानं तिच्यापुढं माईक ठेवला.

"मावशी, पयलं नाव सांगायचं. साखराबाई, मग काकांचं नाव, मग शेंडगे, राहणार धर्मापुरी. आन् मी माझ्या खुशीनं बोलते."

"मी साखराबाई," ती म्हणाली आणि थांबली. मग मधलं गाळून म्हणाली, "शेंडगे. राहणार धर्मापुरी. मी माझ्या खुशीनं बोलते."

इथंच घोडं पेंड खाणार हे नाजियाच्या लक्षात यायला हवं होतं. ती काही शहरात वाढली नव्हती. तिची स्वतःची आई बावीस वर्षांत नवऱ्याला नावानं बोलली नव्हती. 'नाजियाचे अब्बा' म्हणायची, आणि फोनमध्ये शफीचा नंबर तिनं 'गॅरेज' म्हणून ठेवला होता.

"मधी काकांचं नाव घ्यावं लागंल, मावशी."

"तू घे की. राशनला तलाठी घेतो तसं."

"तुमच्याच आवाजात लागतं."

"न्हाई जमायचं."

"लग्नात उखाण्यात घेतलंच असंल की."

"तवाबी न्हाई घेतलं. आमच्या सासूनं सांगितलेलं, आमच्यात बाईनं नाव घेतलं की मालकाचं आयुष्य तुटतं." साखराबाईनं पदर घट्ट ओढला. "मलाबी आधी खोटंच वाटायचं. मंग आमची जाऊ, सारजाबाई, तिला तहसीलात सायबानं धरलं. नाव घे म्हणाला, मोठ्यानं घे, त्याबिगर कागद देत न्हाई. घेतलं तिनं. महिना न्हाई भरला, भावजी पान लागून गेले. मी त्यांच्या उशाला व्हते, नाजे."

पान लागणं म्हणजे साप चावणं. अंधश्रद्धेवर तिनं मागच्याच परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ते उत्तर तिथं त्या खोलीत कुचकामाचं होतं.

"बरं, आधी शेरडाचं बोलू," ती म्हणाली.

साखराबाई मग बोलली. कुठल्या पाल्यानं दूध वाढतं, कुठल्यानं पोट फुगतं. व्यायला झालेली शेळी कशी एकटी कोपरा धरते. प्रत्येकीला नाव असतं आणि नाव चुकवलं तर ती कशी फिरून बघत नाही. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला. आणि मग, न विचारताच, ती म्हणाली:

"येखादं शेरडू कळप सोडून जातं. लोकं म्हणत्यात, लांडग्यानं नेलं, सोडा नाद. आमी सोडत न्हाई. वाड्याची काटी एका अंगानं उघडी ठिवतो. आलं तर मारत न्हाई. कुठं गेलतास, का म्हणून गेलतास, कायबी इचारत न्हाई. पाणी दावतो. मालक पयलं लई चिडले व्हते, काठी फेकून मारली व्हती त्यांनी. आता तेच रोज काटी सारून बसत्यात. म्हणत्यात, गळ्यात घुंगरू असू दे न्हाईतर नसू दे, आपलंच हाय. आलं म्हंजे झालं."

नाजियानं तेवढ्या जागेची वेळ वहीत टिपून घेतली. रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं.

त्यानंतर पुन्हा नावाकडं आल्या. साखराबाईनं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. चौथ्यांदा तिच्या ओठांवर 'ब' आलासुद्धा, आणि तिनं झटकन हात तोंडावर ठेवला.

"एकीकडं पोरगा, एकीकडं मालक," ती म्हणाली. "काय करू, नाजे? एकाला बोलवाया दुसऱ्याला घालवू?"

नाजियाला तिची दया आली. दया म्हणजे चांगलीच गोष्ट, पण दयेला डोळे नसतात. "राहू द्या मावशी," ती म्हणाली. "मी बघते कसं करायचं ते."

साखराबाई गेल्यावर नाजियानं दार लावून घेतलं. ओढणीचा पदर तोंडावर धरला आणि आवाज जाड करून म्हणाली, "बंकट." मग पुन्हा. मग पुन्हा. चौदाव्यांदा तो आवाज साखराबाईसारखा आला. तेवढाच एक शब्द कापून तिनं 'साखराबाई' आणि 'शेंडगे' यांच्या मधे बसवला आणि डोळे मिटून ऐकलं. सांधा कुठं आहे ते तिलासुद्धा कळलं नाही. मॅडमना कळलं नाही. तपासणाऱ्यांनाही कळलं नाही. सोमवारी भाग नेटवर्कवर चढला. भागाच्या नावात 'धर्मापुरी' हा शब्द तिनं मुद्दाम घातला होता, म्हणजे आपलं गाव बघून तरी अंगद थांबेल.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारपर्यंत एकशे साठ जणांनी भाग उघडला. साखराबाई रोज दोन वेळा येऊन विचारायची, "ऐकलं का?" कुणी ऐकलं ते विद्यार्थ्यांना दिसत नाही, फक्त आकडा दिसतो, हे नाजिया तिला पुन्हा पुन्हा सांगायची. बंकट तेवढ्यासाठी फाट्यापर्यंत यायचा आणि गॅरेजच्या पुढं उभा राहून उगीच एखाद्या मोटारसायकलीकडं बघत बसायचा.

बुधवारी सकाळी भागाच्या जागी 'उपलब्ध नाही' असं आलं. अकराला मॅडमचा फोन आला.

मॅडमच्या खोलीत लॅपटॉपवर विद्यापीठाची समिती बसली होती. तिघं होते, पण बोलायचे अध्यक्षच. सभ्य गृहस्थ होते. आवाज चढवला नाही, नाजियाला 'अहो' म्हणाले. तक्रार आली आहे, तक्रारदाराचं नाव नियमाप्रमाणं सांगता येणार नाही, पण मजकूर वाचून दाखवतो, असं म्हणून त्यांनी चष्मा लावला.

"'या भागात बोलणारी बाई माझी आई असल्याचे दाखवले आहे. माझी आई माझ्या वडिलांचे नाव घेत नाही. मेली तरी घेणार नाही. त्यामुळे हा आवाज तिचा नाही, मशीनचा आहे. माझ्या आईच्या आवाजाची अशी थट्टा पूर्वीही झालेली आहे. गावातल्या लोकांनी इथपर्यंत माझा पिच्छा सोडलेला नाही. कृपया हे बंद करावे.'"

मॅडमनी टेबलाखालून नाजियाचा हात धरला.

"तक्रारदारानं भाग एकवीस सेकंद ऐकलेला आहे, तशी नोंद आहे," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही त्यानंतर तपासणी केली. ते एक नाव दुसऱ्या आवाजात आहे. आपण मान्य करता?"

नाव सतराव्या सेकंदाला होतं. नाजियानंच बसवलं होतं, तिला माहीत नसेल तर कुणाला. त्यानंतर अंगदनं चार सेकंद ऐकलं होतं. वाड्याची काटी उघडी असल्याचं सातव्या मिनिटाला होतं.

"मान्य आहे सर. ते नाव मी म्हटलं. पण बाकी सगळं खरं आहे. सगळं त्यांचंच आहे. त्यांना नाव घेता येत नव्हतं म्हणून मी..." तिला रडू फुटलं आणि ते तिनं दाबलं नाही. "सर, तुम्ही त्यांना फक्त एवढं लिहा की बाकीचा आवाज आईचाच आहे. एक ओळ."

"तक्रार खरी ठरल्याचं पत्र त्यांना काल संध्याकाळीच गेलं आहे."

"मग दुसरं पाठवा सर."

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांनाही वाईट वाटत असावं. "एक नाव खोटं, बाकी खरं, असं आपलं म्हणणं आहे. पण नियमात अर्धं खोटं असं काही नाही हो. आणि निकाली निघालेल्या तक्रारीवर आम्ही तक्रारदाराशी पुन्हा बोलू शकत नाही. उद्या तुम्हीच उलट म्हणाल, समिती दबाव आणते म्हणून."

दीपमाला मॅडमनी बरंच भांडून पाहिलं. ही बोलीभाषेची, लोकरीतीची बाब आहे, नवऱ्याचं नाव घ्यायला लावणारा नियमच चुकीचा आहे, म्हणाल्या. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. पुढच्या वर्षी नियमांचा फेरविचार होईल तेव्हा ही सूचना जरूर मांडू, म्हणाले. आणि चौदावा नियम लागू झाला. भाग गेला, नाजियाचं खातं गेलं, आणि साखराबाई बंकट शेंडगे, राहणार धर्मापुरी, यांचा आवाज विद्यापीठाच्या नेटवर्कवर पुन्हा कधी येऊ शकणार नाही असं तीन सह्यांनिशी लिहून झालं.

परतीच्या एसटीत नाजियाला एकच गोष्ट खात होती. तिचा आवाज पकडला गेला नव्हता. तो इतका चांगला जमला होता की तपासणाऱ्या मशीनलाही सांगितल्याशिवाय सापडला नाही. अंगदनं पकडलं ते नाव. बाकी कुणाही मुलाला ती ओळ ऐकून काही वाटलं नसतं. हा आपल्या आईला पुरता ओळखत होता, म्हणूनच ती आपली आई नाही असं त्यानं ठरवलं होतं. तिनं ती जागा नुसती रिकामी ठेवली असती, तर तपासणीत भाग अडला असता, परत आला असता, मॅडमनी काही ना काही वाट काढली असती. आणि त्या रिकाम्या जागेवरूनच त्यानं आईला ओळखलं असतं. हे आपण केलं, नियमानं नाही, असं तिला वाटलं, आणि ते बरंचसं खरं होतं.

तिनं कलीमला पाठवलं. कलीम शनिवारी फळं उतरवून विद्यापीठाच्या गेटपाशी गेला आणि वाचनालयात बसणाऱ्या पोरांना टपरीवर भेटून आला. संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन तो टायरावर बसला.

"गेला त्यो, नाजिया. परवाच गेला. पुस्तकं पोरांना वाटली, कपाट रिकामं केलं. नाव काढून घेतलं म्हणं विद्यापीठातून. कुठं जातो ते कुणालाबी बोलला न्हाई."

"का म्हणून गेला, ते?"

"म्हणाला म्हणं, गावाला हितला पत्ता लागला." कलीमनं मान खाली घातली. "मीच सांगितला व्हता ना पत्ता."

हे ऐकून नाजिया दुसऱ्या दिवशी दुपारी देवळामागच्या वाड्यावर गेली. बंकट शेळ्यांपुढं बाभळीच्या शेंगा टाकत होता. साखराबाईनं तिला बघितलं आणि हातातलं काम ठेवून पुढं आली. रोजचाच प्रश्न तिनं विचारला, पण या वेळी हळू आवाजात.

"ऐकलं, मावशी," नाजिया म्हणाली.

साखराबाईचा चेहरा असा उजळला की नाजियाला तिथून पळून जावंसं वाटलं. पण ती पळाली नाही. तिनं सांगितलं. नाव आपण कसं घातलं, अंगदनं कसं ओळखलं, काय लिहिलं. तक्रारीतली ओळन् ओळ तिच्या डोक्यात होती, ती तिनं तशीच म्हणून दाखवली. भाग काढला, आपलं खातं बंद झालं, हे दोनदा सांगितलं. अंगद विद्यापीठ सोडून गेला हे मात्र तिच्या तोंडून निघेना. ते उद्या सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं.

साखराबाईनं सगळं ऐकून घेतलं. खातं, समिती, चौदावा नियम, यातलं तिला किती कळलं कोण जाणे. तिनं त्यातली एकच गोष्ट धरली.

"मेली तरी घेणार न्हाई, असं लिवलं त्यानं?"

"हां."

"बरूबर लिवलं." तिनं डोळे पुसले. "माझं चुकलं, नाजे. तवाच घ्याया पाहिजे व्हतं. माझ्या आवाजात आसतं तर त्याला कळलं आसतं. आई रडतखडत घेती का हसून घेती, लेकराला कळतं."

"मावशी, आता..."

"काढ तुझा फोन."

"मावशी, आता ते चालत न्हाई. माझं समदं बंद केलंय त्यांनी."

"काढ म्हणते ना."

नाजियानं फोन काढला. साखराबाईनं डोईवरचा पदर नीट केला, शेळ्यांकडं पाठ फिरवली आणि फोनजवळ तोंड नेलं.

"मी साखराबाई," ती म्हणाली. मग तिनं डोळे मिटले. "बंकट. बंकट शेंडगे. राहणार धर्मापुरी. मी माझ्या खुशीनं बोलते."

शेंगा टाकणारा बंकट जागच्या जागी उभा राहिला. तीस वर्षांत त्यानं त्या आवाजात आपलं नाव ऐकलं नव्हतं. सारजाबाईच्या नवऱ्याला, त्याच्या थोरल्या भावाला, त्यानंच खांदा दिला होता. हातातली शेंगांची टोपली त्यानं खाली ठेवली आणि तो हळूहळू दोघींपाशी चालत आला. साखराबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती जमिनीकडं बघत रडत होती.

बंकटनं नाजियाच्या हातातल्या फोनकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"अजून येकदा घे," तो म्हणाला. "नीट आलं नसंल."

तिनं अजून एकदा घेतलं. मग आणखी एकदा, मोठ्यानं. नाजिया बंद खात्याचा तो फोन दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.